पालाचा नकाशा

अण्णा नगर ही वस्ती एका प्रदर्शनाच्या मैदानावर उभी राहिली, हे इथे राहणाऱ्या पुष्कळांना आता आठवत नाही. १९६८ साली मद्रासच्या पश्चिमेला, मुल्लम आणि नडुवक्करै या गावांच्या जमिनीवर मोठं व्यापार-प्रदर्शन भरलं होतं. मुख्यमंत्री होते सी. एन. अण्णादुरै. मांडव, दालनं, दिवे, गर्दी. आपल्याकडच्या जत्रेत असतं ते सगळं, फक्त देव सोडून. प्रदर्शन संपलं, मांडव उतरले. मागे राहिला तो बी. एस. अब्दुर रहमान यांनी बांधलेला विश्वेश्वरय्या टॉवर, १३५ फूट उंच, बारा मजल्यांचा. पुढच्याच वर्षी अण्णादुरै गेले. त्यांचं नाव घेऊन गृहनिर्माण मंडळाने या भागात रस्ते आखले, भूखंड पाडले. अव्हेन्यूंना आकडे दिले, ब्लॉकना अक्षरं दिली, अक्षरं संपली तेव्हा एए, एबी अशी जोडाक्षरं केली. चौकातल्या गोलाला इथे 'राउंडटाणा' म्हणतात. चार दिवसांच्या पसाऱ्यातून कायमचं नगर झालं, आणि आज मद्रासच्या नगररचनेतला हा नीटनेटका नमुना मानला जातो.

वास्तुशास्त्राची पदवी घेऊन मी नोकरीसाठी या नगरात आले. भटक्यांची बिऱ्हाडं हा माझ्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाचा विषय होता, त्यामुळे डोळे तिकडेच जातात. टॉवरच्या बागेजवळच्या फुटपाथवर मण्यांच्या माळा विकणाऱ्या बायका बसतात. लोक त्यांना नरिक्कुरवर म्हणतात. 'नरि' म्हणजे कोल्हा. हे नाव बाहेरच्यांनी दिलेलं. दुसरं नाव कुरुविक्कारर, पाखरंवाले, तेही बाहेरच्यांचंच. ते स्वतःला वाग्री म्हणवतात आणि घरात वाग्रीबोली बोलतात. पहिल्यांदा ती बोली कानावर पडली तेव्हा मी रस्त्यातच थांबले. चहूकडे तमिळ, आणि मध्येच ओळखीचे वाटावेत असे शब्द. ही भाषा इंडो-आर्यन कुळातली, गुजरातीच्या जवळची. वाटेत लागलेल्या भाषांचे शब्द घेत घेत ती इथवर आली.

आता याची दुसरी बाजू. महाराष्ट्रात कैकाडी समाज आहे. टोपल्या, कणग्या विणणारा, गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव जाणारा. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'मुळे (१९८०) हे जगणं मराठी वाचकाच्या घरात पोचलं. या कैकाड्यांची आपसातली बोली द्राविडी, तमिळच्या अगदी जवळची. म्हणजे तमिळनाडूत मण्यांच्या माळा विकणारी बाई गुजराती-मराठीच्या नात्यातलं बोलते आणि माणदेशात टोपली विणणारी बाई तमिळच्या नात्यातलं. नकाशावर या दोन रेघा मी ओढून पाहिल्या आहेत. त्या एकमेकींना छेदतात. शतकानुशतकांच्या या वाटांचा पुरावा कुठल्या इमारतीत सापडत नाही, तो बोलींत सापडतो. आमच्या शास्त्राची पंचाईत इथूनच सुरू होते, कारण वास्तुकलेचा इतिहास उभ्या राहिलेल्या गोष्टींवरून लिहिला जातो.

आणि त्या उभ्या राहिलेल्या गोष्टी तरी कोणी उभ्या केल्या? वडार. मूळचे तेलुगू भाषक. मातीवडारांनी तळी खोदली, बंधारे घातले. गाडीवडारांनी गाड्यांतून दगड वाहिला. पाथरवटांनी तो घडवला. दख्खनमधल्या विहिरी, तटबंद्या, पुढे रेल्वेचे भराव, यांत या हातांचा वाटा किती मोठा आहे हे त्या त्या बांधकामावरच्या पाटीवरून कधीच कळत नाही. बेलदारांचंही तेच. बंजारा तांडे मीठ आणि धान्य वाहून नेत. १८०३ मध्ये आर्थर वेलस्ली मराठ्यांवर चालून आला तेव्हा त्याच्या फौजेच्या पोटापाण्याची भिस्त या तांड्यांच्या बैलांवर होती. स्थिर माणसाची घरं, धरणं आणि लढाया अस्थिर माणसाच्या पाठीवर उभ्या होत्या. हे एकदा लक्षात आलं की 'भटके' हा शब्द जरा जपून वापरावासा वाटतो.

तो शब्द लावला कुणाला जातो हेही पाहावं. तंजावरचे दुसरे सरफोजी राजे १८२० मध्ये काशीयात्रेला निघाले ते १८२२ मध्ये परतले. बरोबर सुमारे तीन हजार माणसं. तंबू, राहुट्या, कनाती, मुदपाक, पालख्या. रोज एक गाव उठायचं आणि संध्याकाळी दुसरीकडे वसायचं. त्याला यात्रा म्हणतात. विटा, खानापूर, आटपाडीकडचे गलाईवाले दुष्काळाला कंटाळून देशभर गेले. चेन्नईच्या साहुकारपेठेत सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारी मराठी माणसं भेटतात ती त्याच भागातली. त्याला व्यवसाय म्हणतात. मी नोकरीसाठी इथे आले आणि चार वर्षांत तीन भाड्याची घरं बदलली. त्याला बदली म्हणतात, करिअर म्हणतात. गाढवावर सामान लादलं की मात्र भटके.

पाल म्हणजे घर नसणं, असंच आम्हाला शिकवताना गृहीत धरलेलं असे. प्रत्यक्षात पाल ही फार काटेकोर गोष्ट आहे. मी मोजलेलं एक पाल सात फूट रुंद, नऊ फूट लांब होतं, मध्ये उंची साडेचार फूट. दोन टोकांना दोन दुबेळकी मेढी, त्यांवर आडवी काठी, वरून कापड, कडांना खुंट्या. पूर्वी गोधड्या आणि जुनी लुगडी जोडून केलेलं कापड असे, आता ताडपत्री नाहीतर जाहिरातीचा फ्लेक्स. उंची कमी ठेवतात ती गरिबीमुळे नव्हे. माळावर वारा असतो, आणि उंच पाल पहिल्या वावटळीला उडून जातं. तोंड वाऱ्याकडे पाठ करून. पावसाळ्यात भोवतीने वीतभर चर, पाणी उताराकडे काढून दिलेलं. तीन दगडांची चूल बाहेर, तोंडापासून एका बाजूला, म्हणजे धूर आत येत नाही आणि ठिणगी कापडावर पडत नाही. उभं करायला अर्धा तास, उतरवायला त्याहून कमी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वजन. एका गाढवाला पेलेल त्याहून जास्त एक काठीसुद्धा नाही. इमारतीचा खर्च मोजायला आम्ही शिकलो होतो. तिचं वजन मोजून, ते वाहणाऱ्या जनावराकडे बघून आराखडा करायचा, हे मला पालाने शिकवलं.

पाल हे एकटं कधीच नसतं, हे दुसरं. सात-आठ पालं टाकली की त्यांच्या तोंडांमध्ये एक अंगण तयार होतं. मुलं तिथे, शिजवणं तिथे, भांडण तिथे. पालाच्या आत माणूस निजण्यापुरता आणि पावसापुरता जातो. म्हणजे ज्याला आपण घर म्हणतो त्याचा बहुतेक भाग कापडाच्या बाहेर आहे. धनगरांच्या वाड्यात हे अधिक स्पष्ट दिसतं. दिवाळीनंतर फलटण, माण, खटावकडचे मेंढपाळ कळप घेऊन उतरणीला लागतात. घोड्यांवर संसार. पुरुष कळपामागे जातात, बिऱ्हाड पुढे नेऊन मुक्काम लावण्याचं काम बायकांचं. जागेची निवड, पाण्याचं अंतर, कोकरांची आडोशाची बाजू, सगळं त्यांच्या नजरेने ठरतं. रात्री मेंढ्या कोंडायला दोरीचं जाळं लावतात, त्याला वाघर म्हणतात. संस्कृतातल्या 'वागुरा' या शब्दाचा हा वंशज. वाग्री या नावाचं मूळही काहीजण याच शब्दात शोधतात. शेतकरी धान्य किंवा पैसे देऊन आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतो, खतासाठी. तेव्हा धनगर हा कुणाच्या जमिनीवरचा आगंतुक नसतो, बोलावलेला असतो. भिंतीची जागा जाळ्याने घेतलेली आणि भाड्याची जागा लेंड्यांनी. ही व्यवस्था गुंटर सोन्थायमर यांच्यासारख्या जर्मन अभ्यासकाने आयुष्य घालून समजून घेतली. आमच्या अभ्यासक्रमात तिचं नाव नव्हतं.

भटकणं म्हणजे दिशाहीन हिंडणं, ही समजूतही टिकत नाही. तिरमल नंदीवाले दर तीन वर्षांनी इंदापूर तालुक्यातल्या वडापुरीला एकत्र जमत, असं कैलाश मल्होत्रा आणि माधव गाडगीळ यांच्या अभ्यासात नोंदलेलं आहे. त्याच अभ्यासाने दाखवलं की एकाच मुलखात फिरणारे नंदीवाले, वैदू आणि फासेपारधी शिकारही वाटून घेत: कुणी कुत्र्यांच्या मदतीने, कुणी फाशांनी, कुणी लहानसहान आणि पाण्यातल्या जिवांपुरती. पौष पौर्णिमेला जेजुरीत गाढवांचा बाजार भरतो. रंगपंचमीच्या सुमारास पाथर्डी तालुक्यातल्या मढीला कानिफनाथांची यात्रा. सोयरिकी तिथे जुळतात, देणीघेणी तिथे फिटतात. फक्त गोड चित्र रंगवायचं कारण नाही. जातपंचायतीही तिथेच बसत, आणि त्यांनी वाळीत टाकलेल्या बायकांच्या हकिकती ऐकवत नाहीत. महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला तो उगाच नव्हे. पण ठरलेली जागा, ठरलेली तिथी आणि ठरलेली वाट, एवढं असलेल्या समाजाला पत्ता नाही असं म्हणता येत नाही. त्याचा पत्ता पंचांगात असतो.

इंग्रज सरकारला असा पत्ता चालत नव्हता. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला आणि १९११ च्या सुधारणेने तो साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात लागू करण्याची सोय झाली. अमुक जातीत जन्मला म्हणजे गुन्हेगार, एवढा साधा हिशेब. हजेरी, परवाने, आणि नंतर सेटलमेंट. आमच्या व्यवसायाचा प्रवेश इथे होतो. मद्रास इलाख्यात १९१३ मध्ये स्टुअर्टपुरम वसवलं गेलं, साल्व्हेशन आर्मीच्या देखरेखीखाली. मुंबई इलाख्यात ओ. एच. बी. स्टार्ट नावाच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली विजापूर, हुबळी, सोलापूर अशा ठिकाणी सेटलमेंट झाल्या. सोलापूरला कापडगिरण्यांना मजूर हवेच होते. तारेचं कुंपण, आत सरळ रांगा, एका माणसाला एका नजरेत दिसतील अशा. हजेरी घेणाऱ्याची सोय हीच इथली रचना. पालांच्या तोंडांतून आपोआप तयार होणारं अंगण सरळ रांगेत होऊच शकत नाही, आणि ते होऊ नये हाही हेतू असणार, असं ती रांग पाहताना मला वाटतं. जी माणसं एकमेकांकडे तोंड करून बसतात त्यांच्यावर नजर ठेवणं कठीण जातं.

कुंपणाच्या आतल्यांपैकी ज्यांची वागणूक 'सुधारली' त्यांना बाहेर घर मिळे. त्या वस्तीचं नाव फ्री कॉलनी. सोलापुरात आजही 'सेटलमेंट फ्री कॉलनी' आणि पुढे क्रमांक, असे पत्ते लिहिले जातात. तिथली पोरं शाळेच्या अर्जावर तेच लिहितात. देश १९४७ ला स्वतंत्र झाला, हा कायदा मात्र ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभरातून गेला. विमुक्त समाज आपला स्वातंत्र्यदिन त्या तारखेला पाळतात. मुंबई राज्यात १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांसाठी वेगळा कायदा आला, आणि पोलिसांच्या नजरा काही कायद्याबरोबर रद्द झाल्या नाहीत.

याच काळात जगभरच्या वास्तुशास्त्राला भटक्यांचं प्रेम आलं. १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात बर्नार्ड रुडोफस्की यांनी वास्तुविशारदांवाचून घडलेल्या वास्तूंचं प्रदर्शन भरवलं. ते चांगलंच झालं. १९६७ ला माँट्रियलच्या प्रदर्शनात फ्राय ओटो यांनी जर्मनीचं दालन तंबूसारखं उभारलं, आणि १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये त्यांच्या सहभागाने झालेलं पारदर्शक छत आजही प्रत्येक महाविद्यालयात दाखवतात. १९७२ हे साल मला वारंवार भेटतं. त्या वर्षी महाराष्ट्रात दुष्काळ होता. लाखो माणसं खडी फोडत होती, पाझर तलाव खणत होती, आणि कामांवर रांगेने पालं पडली होती. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला. तो हवाच होता. पण त्याने वाग्री लोकांची शिकार बंद झाली आणि त्यांच्या हातात मणी आले. तमिळ सिनेमाने तर त्याआधीच त्यांचा वेश उचलला होता. अण्णा नगरात प्रदर्शन भरलं त्याच १९६८ साली एम. जी. आर. आणि जयललिता 'ओळि विळक्कु'मध्ये त्या वेशात नाचले. वेश सगळ्यांनाच आवडतो.

माझ्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाची जागा मी जेजुरीला घेतली होती, पौर्णिमेच्या बाजाराच्या मैदानावर. वर्गातले इतर 'भटक्यांपासून प्रेरित' प्रकल्प ताणलेल्या कापडाची छतं दाखवत होते. मी छत काढलंच नाही. पाणी कुठे उतरतं ते पाहून चर काढले, गाढवांना पाणी पाजायला हौद, बांधायला दगडी खुंट, नळांच्या दोन ओळी, बायकांसाठी स्वच्छतागृहं, बाजाराच्या दिवशी डॉक्टर बसेल असा एक ओटा. उरलेलं मैदान मोकळं, उताराप्रमाणे सपाट केलेलं, पालांची तोंडं कशीही करता येतील असं. वर्षाचे इतर दिवस तिथे क्रिकेट चालेल. परीक्षकांपैकी एकाने विचारलं, यात इमारत कुठे आहे? मी म्हटलं, ती त्यांच्या गाढवांवर येते. गुण बरे मिळाले. मैदान अर्थात आहे तसंच आहे.

इथे आल्यावर दुसरा प्रकल्प मी कुणी न सांगता केला, टॉवरच्या परिसरातल्या मणीवाल्यांसाठी. टॉवर २०११ पासून लोकांसाठी बंद होता तो २०२३ मध्ये उघडला, आणि बागेतली वर्दळ वाढली. कागदाला हात लावण्याआधी मी काही दिवस त्या बायकांशी तमिळ, हिंदी, हातवारे असं सगळं मिळून बोलत बसले. त्यांना टपरी नको होती. टपरीला कुलूप लागतं, कुलपाला परवाना, परवान्याला पत्ता. त्यांना भिंतीला टेकून जमिनीवर बसता यायला हवं होतं, मांडीवर पोर घेऊन. दुपारी सावली. जवळ नळ आणि जाता येईल असं स्वच्छतागृह. माझ्या आराखड्यात म्हणून एक झाड, भिंतीचा चार फुटांचा कोनाडा, त्यात माळा टांगायच्या खुंट्या आणि पायाशी फुटपाथचा थोडा रुंद तुकडा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये संसदेने नरिक्कुरवर आणि कुरुविक्कारर यांचा तमिळनाडूच्या अनुसूचित जमातींच्या यादीत समावेश करणारं विधेयक मंजूर केलं. अनेक वर्षांची मागणी होती ती. त्याबद्दल विचारलं तर एकीने मान हलवली आणि मुलीच्या शाळेच्या दाखल्याचं सांगितलं. फुटपाथबद्दल मात्र कुठल्या यादीत काही नसतं.

सध्या टेबलावर आहे तो तिसरा. महाराष्ट्रात २०११ पासून भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आहे. वीस कुटुंबांना एक हेक्टर, म्हणजे प्रत्येकी पाच गुंठे, आणि त्यावर २६९ चौरस फुटांचं घर. नावातला 'मुक्त वसाहत' हा शब्द वाचून मला सोलापूरची फ्री कॉलनी आठवली, पण आकडे तसे दिलदार आहेत. पाच गुंठे म्हणजे साडेपाच हजार चौरस फुटांच्या घरात. अडचण अशी की नकाशा २६९ चा निघतो. उरलेले पाच हजार कागदावर कोरे राहतात, आणि वसाहत पुन्हा रांगेत उभी राहते. शिवाय अटींत एक अट आहे: कुटुंब वर्षातून किमान सहा महिने एका ठिकाणी राहणारं असावं. पुष्कळांचं तसं असतंही. पावसाळ्यात ती थांबतातच. मग उरलेल्या सहा महिन्यांत कुलूप लावलेल्या वीस घरांचं काय? कोण राखतं, म्हातारी माणसं कुठे बसतात, शाळेसाठी मागे ठेवलेली पोरं कुणाकडे जेवतात?

मी घरं चार-चारच्या पाच घोळक्यांत, एकमेकांकडे तोंड करून ठेवली आहेत. प्रत्येक घोळक्यात एक घर वर्षभर उघडं राहील असं धरलंय, आजी-आजोबांचं, त्याची चूल इतर तीन घरांतल्या मुलांनाही पुरेल एवढी मोठी. गाढवांचा गोठा वाऱ्याच्या खालच्या अंगाला. गेल्या महिन्यात सुट्टीत गेले तेव्हा हा कागद एका कैकाडी आजींपुढे पसरला. त्यांनी घरांकडे फारसं पाहिलं नाही. बोट फिरवत फिरवत कडेच्या मोकळ्या पट्टीवर आणलं आणि विचारलं, पाहुणे आले तर पालं इथंच टाकायची ना? तिथे मी कंपोस्टचा खड्डा दाखवला होता. तो आता गोठ्यामागे घेतला आहे, आणि पट्टी बारा फुटांनी रुंद केली आहे.